मदत हवी आहे: गाजर गवत कसं आवरायचं?
नमस्कार मंडळी, सासवडजवळ आमचा तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, कडेनी पेरू आणि मधे वांगी-मिरच्या लावल्यात पण पहिला पाऊस पडला की सगळीकडे गाजर गवतच. मागच्या वर्षी आईनी हातमोजे न घालता उपटलं तर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले, तीन आठवडे खाज जात नव्हती. यंदा पांढरी फुलं यायच्या आतच उपटायचं ठरवलंय, एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं ना. ग्लायफोसेट हे तणनाशक मारायची भीती वाटते, वाऱ्यानी उडालं तर वांगीपण जळतील. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे कोणी सोडलेत का, कुठे मिळतात? आणि कडेला टाकळ्याचं बी फेकलं तर तो खरंच याला दाबतो का? अनुभव असेल तर प्लीज सांगा.