मदत हवी आहे : मातीसच्या चित्रातील हिरव्या पट्ट्याचा भाव

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने 1905 मध्ये पत्नी अमेलीचे जे व्यक्तिचित्र रंगवले आणि जे आज कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे, त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरणाऱ्या हिरव्या पट्ट्याचा अर्थ कसा लावावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हा पट्टा उजेड आणि सावली यांची सीमारेषा असून एक गाल पिवळसर, दुसरा गुलाबी होतो, हे स्पष्टीकरण मला पटते. पण ते केवळ रचनेचे आहे. निळ्याकाळ्या केसांखालचा तो स्थिर, काहीसा कठोर चेहरा मला अलिप्त वाटतो, तर माझ्या मैत्रिणीला करारी. (हिरवा म्हणजे मत्सर, हे मला फार सोपे वाटते.) येथे भाव रंगांतून येतो, की भुवया आणि मिटलेल्या ओठांच्या रेषांतून?