वणव्यावर रिहॅब सांभाळायला स्वयंसेवक तयार करावेत का?

रानवाट: आमच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकात वाद पेटलाय. पुढच्या सरावात काही जणांना होजऐवजी रिहॅबचं काम शिकवायचं का? म्हणजे जाळरेषेवरून (आग अडवायला खोदतात त्या पट्ट्यावरून) दमून आलेल्यांना गार करणं, पाणी-खाणं देणं, तपासणं आणि परत पाठवायचं की नाही ते बघणं. माझ्या मते शिकवायलाच हवं. एनएफपीए १५८४ हे अग्निशामकांच्या रिहॅबचं अमेरिकी मानक (आता एनएफपीए १५८० मध्ये सामावलेलं) श्वसनयंत्राच्या सिलिंडरविना ४० मिनिटं अंगमोड काम झालं की विसाव्याला बसवा म्हणायचं. वणव्यावर लोक चढावर, धुरात तासन् तास खोदत असतात, तेही बहुतेक वेळा श्वसनयंत्राशिवाय. अमेरिकेत कर्तव्यावर दगावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकाराचे बळी वर्षानुवर्षं सर्वाधिक राहिलेत, हे विसरू नका.

पंपवाला: विरोध. आधीच माणसं अपुरी, त्यातली चार पाणी वाटायला बसवणार? नाडी-रक्तदाब हे वैद्यकीय पथकाचं काम. अर्धवट शिकलेला माणूस आकडा बघून "ठीक आहे, जा" म्हणेल आणि कुणाचा तरी जीव जाईल.

शुश्रूषा: मी रुग्णवाहिकेवर काम करते. पंपवाला, तुमची भीती खरी आहे, पण म्हणूनच शिकवायला हवं. साध्या ऑक्सिमीटरला धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. पडद्यावर ९८ दिसतं आणि समोरच्याचं डोकं ठणकत असतं, मळमळत असतं. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा, हे सरावातच अंगवळणी पडतं. तसंच लघवीचं. कोऱ्या चहासारखी गडद होत असेल आणि स्नायू भलतेच दुखत असतील तर ती नुसती दमणूक नसते. स्नायू फुटून मूत्रपिंडावर येऊ शकतं. हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही, शिकवावा लागतो. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही घातकच.

पंपवाला: हे सगळं तुम्हाला कळतं, कारण तुमचा तो पेशा आहे. शनिवार-रविवारच्या सरावात येईल?

शुश्रूषा: निदान करायला नाही येणार. बाह्या वर करून हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवायला लावणं, कुणी असंबद्ध बोलायला लागला की उष्माघात धरून जागीच गार करायला घेणं आणि आम्हाला हाक मारणं, एवढं नक्की येईल. आधी गार करायचं, मग हलवायचं. आम्ही पोचेपर्यंतची मिनिटं त्यांच्याच हातात असतात.

खडकाळ: खरा मुद्दा अधिकाराचा आहे. रिहॅबवाल्याला "तू आज परत जायचं नाहीस" म्हणता येणार नसेल, तर ते नुसतं पाण्याचं टेबल. पण काल आलेल्या पोराने टोळीप्रमुखाला बसवलं तर रेषेवर ऐकेल कोण?

रानवाट: म्हणून तो अधिकार घटनाप्रमुखाने (आगीवरच्या सगळ्या कामाची सूत्रं ज्याच्या हाती, त्याने) आग लागण्याआधीच लेखी द्यावा. थांबवायला स्वयंसेवकाचा शब्द पुरे. पुन्हा पाठवायचं मात्र वैद्यकीय माणसाने तपासल्यावरच.

पंपवाला: आणि थांबवलेल्याच्या जागी कोण? पाचांच्या टोळीतला एक उठला की उरलेल्या चौघांवर भार येतो, त्यांचीही दमछाक होते. बदली टोळी तयार नसेल तर माझं मत बदलणार नाही.

खडकाळ: हे मात्र मान्य. अख्खी टोळी एकत्र विसाव्याला यायला हवी. बदलीचं वेळापत्रक नसेल तर रिहॅबमध्ये कुणी फिरकतच नाही.