मदत हवी आहे: प्रोफायलर जोडला की टॉमकॅट चढायला आठ-नऊ मिनिटं

मांजराकाठ (लातूर)

आडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. सौदा, काटा, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोब), हमाली-तोलाई सगळं एकाच वॉर फाइलमध्ये. उबुंटू, टॉमकॅट ९ (जावाचं वेब ॲप चालवणारा सर्व्हर), जावा ११, स्प्रिंग (ॲपचा सांगाडा), हायबरनेट (जावा आणि डेटाबेसमधला दुवा), पोस्टग्रेस (डेटाबेस). ४ कोअर, ८ जीबी रॅम, हीप (जावाला दिलेली मेमरी) २ जीबी.

सोयाबीनची आवक वाढली की पट्टी निघायला वेळ लागतो. नेमकं कुठं अडतंय ते बघावं म्हणून एका विकतच्या प्रोफायलरची (कुठं किती वेळ जातो ते मोजणारं साधन) ट्रायल जोडली. आता पट्टी राहिली बाजूला, सर्व्हरच चढेना. एरवी ‘सर्व्हर स्टार्टअप’ची ओळ पाऊण मिनिटात येते, प्रोफायलर असला की आठ-नऊ मिनिटं लागायलीत. लाइट गेली, यूपीएस बसला की तेवढा वेळ काट्यावर गाड्या उभ्या.

दुसरं त्रांगडं म्हणजे बंदही नीट होत नाही. शटडाउन दिलं की ‘पोर्ट वापरात आहे’ म्हणतो आणि टॉमकॅट तसाच चालू राहतो.

टॉमकॅटच्या सेटएन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये जावा_ऑप्ट्सला एजंटपाथची ओळ (प्रोफायलरचा तुकडा, म्हणजे एजंट, जावात घेणारी) जोडली आहे. हीप ३ जीबी करून पाहिली, फरक शून्य. काय तपासू?

गोदातीर (नांदेड)

हीपचा इथं संबंध नाही, ती २ वरच ठेवा. चढताना टॉप ही कमांड लावून सीपीयू बघा, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

सीपीयू शांत असेल तर जेव्हीएम (जावाचा प्रोग्राम चालवणारं इंजिन) कुणाची तरी वाट बघतंय. जे-प्रोफायलरच्या एजंटपाथमध्ये ‘नोवेट’ लिहिलं नसेल तर तो ८८४९ पोर्टवर प्रोफायलरची खिडकी जोडली जाईपर्यंत अख्खं जेव्हीएम धरून ठेवतो, टॉमकॅटची पहिली ओळसुद्धा लॉगमध्ये येत नाही. डीबगरच्या ओळीत ‘सस्पेंड=वाय’ राहिलं तरी तेच.

सीपीयू भरलेला असेल तर इन्स्ट्रुमेंटेशन चालू आहे. प्रत्येक क्लास लोड होताना त्याचा बाइटकोड (जेव्हीएमला कळणारा कोड) आधी एजंटच्या हातात जातो, तो मेथडच्या सुरुवातीला आणि शेवटी आपली मोजणी घुसवतो, मग क्लास पुढे जातो. स्प्रिंग-हायबरनेटचं ॲप चढताना दहा-पंधरा हजार क्लास सहज लोड होतात, वर प्रॉक्सी (चालताना आपोआप बनणारे क्लास) वेगळ्या. शिवाय चार अक्षरांच्या गेटरलाही (नुसती किंमत परत देणारी मेथड) मोजणी लागते. मेथडच्या कामापेक्षा मोजणीचं काम जास्त.

शटडाउनचं कोडं सोपं आहे. जावा_ऑप्ट्स टॉमकॅट चालू करतानाही वापरतो आणि बंद करतानाही. बंद करणारं छोटं जेव्हीएम तोच एजंट घेऊन उठतं, त्याला तोच पोर्ट हवा असतो आणि ते तिथंच मरतं. ओळ कॅटालिना_ऑप्ट्समध्ये हलवा, ते फक्त चालू करताना वाचलं जातं. (विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून असेल तर सेटएन्व्ह वाचलीच जात नाही. तिथं टॉमकॅट९डब्ल्यूच्या जावा टॅबमध्ये बघायचं.)

मांजराकाठ (लातूर)

ओळ हलवली, शटडाउन सुरळीत. टॉपमध्ये एक कोअर १०० टक्के, बाकी तीन मोकळे. जेस्टॅट -क्लास लावलं तर लोड झालेल्या क्लासचा आकडा मुंगीच्या पावलानं सरकतोय.

बालाघाटी (बीड)

म्हणजे वाट बघणं नाही, इन्स्ट्रुमेंटेशनच. एकच ॲप असेल तर टॉमकॅट ९ ते ‘मेन’ थ्रेडवरच चढवतो, म्हणून एकच कोअर भरतो. कोअर वाढवून काही हाती लागणार नाही.

खात्रीसाठी जेसीएमडीनं (चालू जेव्हीएमला हुकूम देणारी कमांड) थ्रेड.प्रिंट (कोणता थ्रेड काय करतोय त्याची यादी) दहा-दहा सेकंदांनी तीनदा घ्या, टॉमकॅट ज्या युजरवर चालतो त्याच युजरनं. ‘मेन’च्या वरच्या ओळीत दरवेळी डिफाइनक्लास१ दिसलं तर नेटिव्ह, म्हणजे एजंटपाथवाला, एजंट क्लास चघळतोय. एजंट ‘जावाएजंट’वाला असता तर तिथं ट्रान्सफॉर्म दिसलं असतं. प्रोसेसॲनोटेशन्सजार दिसलं तर टॉमकॅट जार फायली (क्लासचे गठ्ठे) चाळतोय. तो वेळ कॅटालिना.प्रॉपर्टीजमधल्या जार्सटूस्किपनं वाचतो.

आता उपाय. मोड इन्स्ट्रुमेंटेशनवरून सॅम्पलिंगवर आणा. त्यात ठरावीक मिलिसेकंदांनी थ्रेडचे स्टॅक वाचतात, क्लासला हात लागत नाही. मेथड किती वेळा बोलावली तो आकडा मात्र मिळत नाही. तो हवाच असेल तर फिल्टरमध्ये फक्त तुमचं पॅकेज घ्या, स्प्रिंग, हायबरनेट, अपाची बाहेर. ॲलोकेशन रेकॉर्डिंग (मेमरी वाटपाची नोंद) आधी बंद करा, पट्टीच्या कामाला ते नकोच.

माझं मत विचाराल तर चालू हंगामात रोजच्या सर्व्हरवर बाहेरचा एजंट नकोच. जावा ११ मध्ये फ्लाइट रेकॉर्डर (जेएफआर, जावाचीच नोंद ठेवायची सोय) फुकट आहे. टॉमकॅट पूर्ण चढू द्या, मग जेसीएमडीनं जेएफआर.स्टार्ट, ड्युरेशन १० मिनिटं, सेटिंग्ज प्रोफाइल. फाइल मिशन कंट्रोलमध्ये (ती वाचायचं साधन) उघडा. चढण्याच्या वेळेला धक्काही लागत नाही.

गोदातीर (नांदेड)

एक जोड. जेसीएमडीनं व्हीएम.कमांड_लाइन काढून आणखी एखादा एजंट लोंबकळतोय का बघा. दोन असले की प्रत्येक क्लास दोघांच्या हातून जातो. लॉगच्या सुरुवातीला ‘पिक्ड अप जावा_टूल_ऑप्शन्स’ आलं असेल तर एन्व्हायर्नमेंटमध्येही कुणीतरी लावून ठेवलाय, आणि तो त्या एन्व्हायर्नमेंटमधून उठणाऱ्या प्रत्येक जेव्हीएमला चिकटतो.

मांजराकाठ (लातूर)

जावा_टूल_ऑप्शन्स नाही, एजंट एकच होता. सॅम्पलिंग आणि आपल्याच पॅकेजचा फिल्टर लावला तर सव्वा मिनिटात चढला. तरी ओळ काढून टाकली आणि पट्टीच्या गर्दीत जेएफआर घेतलं. पण त्यात पोस्टग्रेसकडे गेलेला वेळ जवळपास दिसतच नाही, सॉकेट रीडच्या (नेटवर्कवरून उत्तर वाचण्याच्या) चार-दोनच नोंदी. मग पट्टी अडते कुठं?

बालाघाटी (बीड)

प्रोफाइल सेटिंगमध्ये सॉकेट रीड १० मिलिसेकंदांच्या वर गेलं तरच नोंद होते, डीफॉल्टमध्ये २०. एका पट्टीमागं दोन-दोन मिलिसेकंदांच्या शेकडो क्वेरी जात असतील तर त्यातली एकही दिसणार नाही. हायबरनेटचं जनरेट_स्टॅटिस्टिक्स ट्रू करा आणि एक पट्टी काढून सेशन मेट्रिक्समधला जेडीबीसी स्टेटमेंटचा (डेटाबेसला गेलेल्या क्वेरींचा) आकडा इथं टाका. पट्टीतल्या ओळींच्या पटीत असला तर काट्याच्या नोंदी लेझी लोड (लागेल तेव्हा वेगळ्या क्वेरीनं) होतायत, तिथं जॉइन फेच (सगळं एकाच क्वेरीत आणणं) लागेल.