पोटगीत मुलीच्या मेडिक्लेमचा हप्ता धरायचा, की वेगळा?

कोथरूडची आई:
परस्परसंमतीने घटस्फोट घेऊन तीन वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, माझ्याकडे असते. तिचे बाबा महिना १२,००० पोटगी देतात, एकदाही चुकवलेली नाही. मेडिक्लेम त्यांच्या ऑफिसचा होता, म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये (घटस्फोटाच्या लेखी अटींत) विम्याचा उल्लेखच नाही. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. रात्री अकराला हॉस्पिटलच्या काउंटरवर कळलं, की बाबांनी नोकरी बदलली आणि जुनं कव्हर संपलंय. नव्या ऑफिसात तिचं नाव घालायचं राहून गेलेलं. डिपॉझिट मी भरलं, तिचा हात एका हातात धरून. तेव्हापासून ठाम वाटतं, विमा पोटगीत मिसळूच नये. कोण काढणार, किती रकमेचा, हे आदेशात वेगळं लिहावं आणि कार्ड मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्याकडे असावं.

हडपसरचा बाबा:
ताई, त्या रात्रीचं वाचून वाईट वाटलं. पण आमचंही ऐका. मुलाची पॉलिसी मीच काढलीय, वर्षाला १८,०००. पोटगी ठरताना पगारातून इन्कम टॅक्स वजा झाला, हप्ता नाही. तो म्हणे माझ्या मर्जीचा खर्च. म्हणजे महिना १,५०० मी पोटगीच्या वर देतोय. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच औषधोपचार आहेत. मग हप्ता पोटगीतून वजा का नको?

नाशिककर वकील:
व्याख्या बरोबर, पण वजाबाकी चुकते. मूल वर्षभर ठणठणीत राहिलं तरी दूध, रिक्षा, वह्या थांबत नाहीत. त्यातले १,५०० कापायचे का? आणि आपल्या मनाने तर मुळीच कापू नका, थकबाकी चढते आणि वसुलीचा अर्ज येतो. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं भाग पाडलं. हप्त्याची पावती तिथेच लावायची, आकडा ठरण्याआधी. ते राहिलं असेल आणि आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा, म्हणजे पोटगीच्या कलमाखालचा असेल, तर बदललेली परिस्थिती दाखवून रक्कम बदलण्यासाठी कलम १४६ खाली अर्ज करता येतो.

कोथरूडची आई:
हडपसरचे बाबा, तुमच्यावर दुहेरी भार पडतोय हे मान्य. मीही कमावते. हप्ता दोघांनी पगाराच्या प्रमाणात वाटावा, असं मी तिच्या बाबांना लिहिलंय.

हडपसरचा बाबा:
प्रमाणात असेल तर माझी हरकत नाही. फक्त पावती दरवर्षी दोघांना मिळावी. आणखी एक, वाटणीच्या नादात चालू पॉलिसी मोडू नका. माझ्या मुलाला दमा आहे. नव्याने काढली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बदलायचीच तर पोर्ट करा, म्हणजे चालू पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे न्या.

कोथरूडची आई:
हे लक्षात ठेवते. काल त्यांनी नव्या ऑफिसचं ई-कार्ड पाठवलं, त्यात तिचं नाव आहे. वाटणीबद्दल मात्र अजून उत्तर आलेलं नाही.