मॅनेजर गेममध्ये नव्या पोरांना जुन्यांसमोर टिकवायचं कसं?

कोलशेतचा_कमिशनर

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या सोसायटीतल्या चार टाळक्यांनी सुरू केलेली ऑनलाइन क्रिकेट मॅनेजर लीग सातव्या सीझनला आली. गेम आमच्यातल्याच एकाने बनवलाय, ब्राउझरवर चालतो, खऱ्या पैशाचा संबंध नाही. रविवारी रात्री मॅच, बाकी दिवस ट्रेनिंग आणि लिलाव. खेळाडू काल्पनिक, १७व्या वर्षी येतात, तिशीनंतर उतरायला लागतात. १६ संघ, त्यातले सहा जण पहिल्या दिवसापासूनचे. मीही त्यातलाच.

घोळ असा की सहा सीझनमध्ये ट्रॉफी या सहाजणांच्या घराबाहेर पडलीच नाही. मागच्या सीझनला पाच नवे घेतले, त्यातल्या तिघांनी दिवाळीपर्यंत लॉगिन करणंच सोडलं. म्हणून यंदा नव्यांना सुरुवातीलाच दुप्पट पैसे दिले.

पुढचं सांगायला लाज वाटते. आमच्याच विंगमधला बारावीतला मुलगा. त्याने पहिल्याच आठवड्यात निम्म्याहून जास्त पैसे ओतून एक फास्ट बोलर उचलला. रेटिंग ९१, वय ३३. विकणारा मी! लवकरच त्याचं रेटिंग सत्तरीत येणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच पैशांत मी १७ वर्षांचे दोन लेगस्पिनर घेतले. परवा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, 'काका, तुमचा बोलर एका रात्रीत म्हातारा कसा झाला हो?' सातव्या मजल्यापर्यंत मी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा.

सगळं पुसून शून्यापासून सुरू करावं का? जुने घर डोक्यावर घेतील. दुसरं काही सुचतंय?

ऐरोली_नाइटशिफ्ट

पैसे वाटणं आधी बंद कर. तू नव्याला दिलेला रुपया आठवडाभरात लिलावातून जुन्याच्या खिशात जातो, तुझ्या बोलरनेच ते दाखवलं. मी हॅट्रिक बरीच वर्षं खेळलोय, स्वीडनचा फुटबॉल गेम, १९९७ पासून चालू आहे. तिथे एका आठवड्यात एकाच प्रकारचं ट्रेनिंग होतं आणि कोवळी पोरं पटकन शिकतात. जुन्यांकडे पैसा असतोच, पण खरी पुंजी म्हणजे कुठला खेळाडू कधी घ्यायचा आणि कधी विकायचा ही अक्कल. ती अनुदानात देता येत नाही.

पगाराचं काय? हॅट्रिकमध्ये स्किल वाढलं की पगारही वाढतो. तुमच्याकडे सगळ्यांना सारखाच असेल तर जुने लोक दहा-दहा स्टार पोसत बसणार. पगार असा चढवा की अकराच्या अकरा भारी खेळाडू सांभाळताना घाम फुटला पाहिजे. मग दोन-चार चांगले आपोआप बाजारात येतील.

नौपाड्याचे_आजोबा

मला कॉम्प्युटरचं कळत नाही, नातू खेळतो म्हणून वाचतोय. पण १६ संघ एकाच गटात का कोंबलेत? मुंबईत पावसाळ्यात खेळतात ती क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून आहे, 'ए' ते 'जी' असे गट. नव्या संघाची गाठ आपल्यासारख्यांशीच पडते, जिंकला तर वर. आमच्या वेळी 'एफ'मधून 'ई'मध्ये जायला आम्हाला चार पावसाळे लागले, पण मैदान कोणी सोडलं नाही, कारण दर रविवारी जिंकण्याची आशा असायची. शिवाय ओल्या खेळपट्टीवर भल्याभल्यांची दांडी गुल व्हायची. तुमच्या गेममध्ये पाऊस पडतो का?

खोपट_एक्सप्रेस

मी जुन्यांपैकी, स्पष्ट बोलतो. रिसेट केलंत तर मी चाललो. साडेतीन वर्षं लोकलमध्ये लटकत बोली लावल्यात, ऐन शेवटच्या मिनिटाला नेटवर्क गेलं म्हणून ओपनर हातचा घालवलाय. आणि आयपीएलमध्येसुद्धा मेगा लिलावात सगळं पुसत नाहीत, २०२५ च्या वेळी प्रत्येक संघाला सहापर्यंत खेळाडू राखता आले. तेवढे ठेवू द्या, बाकी लिलावात टाकतो. हा सौदा मला चालेल.

ऐरोली_नाइटशिफ्ट

@खोपट हे बरं आहे. त्याला एक जोड दे: २०२२ ला गुजरात आणि लखनौ आले तेव्हा त्यांना लिलावाआधीच तीन-तीन खेळाडू निवडू दिले होते. गुजरातने हार्दिक, रशीद आणि गिल घेतले आणि पहिल्याच वर्षी कप नेला. नव्यांना रोकड देऊ नका, आधी निवडायचा हक्क द्या. १७ वर्षांची पोरं आली की तळाच्या संघाने पहिली उचलायची.

कोलशेतचा_कमिशनर

तळाला पहिली निवड दिली तर आमचे दोन महाभाग मुद्दाम हरतील, मी ओळखतो त्यांना. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगला, एनबीएला, हीच शंका होती, म्हणून १९८५ पासून तिथे पहिल्या निवडीसाठी सोडत काढतात. आम्हीही तळाच्या पाचांत चिठ्ठ्या टाकू. कोणी टीमच लावली नाही तर चिठ्ठी बाद.

आजोबा, पाऊस आजपर्यंत नव्हता. बनवणाऱ्याला विचारलं, तो म्हणे दोन रविवार दे. आठ-आठचे दोन गट मात्र लगेच करतोय, खालून दोन वर, वरून दोन खाली. पगाराचं गणित जुन्यांच्या मीटिंगमध्ये मांडलं, वडापाव थंड झाला तरी भांडण मिटेना. शेवटी ४-२ ने पास. विरोधातलं एक मत मी स्वतः द्यायला निघालो होतो, सवय वाईट.

खोपट, सहा नाही, चार. चौघांवर राजी हो.

खोपट_एक्सप्रेस

पाच. आणि विकेटकीपर मोजायचा नाही.

कोलशेतचा_कमिशनर

कीपर मोजणार. पाच मंजूर.

त्या मुलाचं राहिलं. त्याला एक लेगस्पिनर तसाच परत देऊ केला, तर घेईना. म्हणाला, लिलावात लावा, मी बोली लावतो. काल रात्री साडेदहाला लावला. बोली लावण्याआधी त्याचा मेसेज आला. रेटिंग विचारलं नाही. विचारलं, 'काका, याचा वाढदिवस कुठल्या आठवड्यात येतो?'