मदत हवी आहे: घोड्याचा गेट नंबर आणि सुरुवातीचा वेग, दोन्ही वेगळे कसे काढायचे?

राम राम मंडळी. आधीच सांगतो, टीप मागत नाहीये. पैसे लावायचा नाद नाही, आकडेमोडीचा आहे.

मी सातारकडचा. खटाव तालुक्यात शाळेवर पी.टी. शिकवली, आता रिटायर. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा सीझन असतो, तेव्हा बहिणीकडे मुक्काम पडला की रेसकोर्सवर चक्कर होते. पहिल्या दिवशीच एक गोष्ट डोळ्यात खुपली. घोडे सगळे एकाच रेषेत उभे! ४०० मीटरला मी फक्की मारायचो तेव्हा १.२२ मीटरची लेन धरून दुसऱ्या लेनचा पोरगा ७.०४ मीटर पुढे, आणि तिथून पुढे दर लेनला ७.६७ मीटर वाढवायचो. नाहीतर पालक अंगावर यायचे. इथे तसलं काही नाही. चिठ्ठीत जो गेट नंबर (आतल्या रेलिंगपासून कितव्या फाटकातून सुटायचं) आला तो आला.

घरी येऊन कागदावर मांडलं. अर्धवर्तुळाचं वळण धरलं आणि घोडा आतल्या रेलिंगच्या घोड्यापेक्षा दोन मीटर बाहेरून पळाला, तर तो सव्वासहा मीटर जास्त पळतो. घोड्याची एक लेंथ साधारण २.४ मीटर, म्हणजे अडीच लेंथ फुकट गेल्या. इथे निकाल मुंडीच्या फरकाने लागतात!

आमच्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्या पळतात, तिथेही तासाची (गाडी पळायच्या पट्ट्याची) चिठ्ठी निघते. पण मैदान सरळ. तास चांगला की वाईट ते फक्त मातीवर, कुठे भुसभुशीत, कुठे घट्ट. वळणाचा हिशेब नाही.

म्हणून वही घातली. प्रत्येक शर्यतीत गेट नंबर, वळणावर कितवा होता, शेवटी कितवा आला. दोन सीझन झाले आणि गुंता वाढला. कमी अंतरात आतल्या गेटचे घोडे पुढे दिसतात, हे खरं. पण वळणावर पुढे असलेलेच बहुतेक जिंकतात, आणि वळणावर पुढे असतात ते बहुतेक आतलेच. मग गुण गेटचा की वेगाचा? दोन्ही कॉलम एकमेकांत अडकलेत. शिवाय आतल्या गेटला नेमका चांगला घोडा आला असेल तर तो कुठूनही जिंकला असता, ते कसं वजा करायचं? कुणी असल्या नोंदी ठेवल्यात का? एक्सेल येतं, त्याच्या पुढचं येत नाही.

प्रतिसाद १
गुरुजी, मैदानावरच्या पब्लिकला विचारा. त्यांच्याकडे प्रत्येक घोड्याचं उत्तर असतं, शर्यत संपल्यावर.

प्रतिसाद २ (सांगलीहून)
सर, वहीत एक गडबड आहे. 'वळणावर कितवा' हा आकडा तुम्ही त्याच शर्यतीतला घेताय. तो गेटमुळेच बदललेला असणार, मग वेगळा निघणार कसा? त्याऐवजी त्या घोड्याच्या आधीच्या तीन-चार शर्यती बघा. सुरुवातीला तो पुढे असतो, मध्ये की मागे, ते शर्यतीच्या आधी लिहून ठेवा. हा झाला त्याचा स्वभाव. यात त्या दिवशीच्या चिठ्ठीचा हात नाही.

मग बघा, पुढे पळणारे किती आहेत. एकटाच असेल तर बाहेरचा गेट असला तरी तो निवांत आत सरकतो, फक्त पहिलं वळण सुटायच्या जागेपासून दूर हवं. असे तीन असतील तर एकमेकांना पेटवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. आणि आतला गेट म्हणजे नेहमी लॉटरी नाही. सुटायला मंद असलेला घोडा रेलिंगला कोंडला जातो, वाट मिळेपर्यंत शर्यत संपते. २०१५ ची पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत आठवा. गोल्डन हॉर्न हा घोडा १४ नंबरच्या गेटमधून सुटला. जॉकी डेटोरीने त्याला आधी बाहेर एकटाच पळू दिला, मग हळूहळू आत आणला, आणि जिंकला. उलट इंग्लंडात चेस्टरचा ट्रॅक इतका लहान नि गोल आहे की पाच फर्लांगाला (हजारेक मीटर) बाहेरचा गेट आला की मालकाचा चेहरा आधीच पडतो.

चांगल्या घोड्याचं म्हणाल तर, 'जिंकला का' हे मोजू नका. भावावरून (बेटिंगच्या दरावरून) तो कितवा यायला हवा होता आणि आला कितवा, तो फरक लिहा. अंतराप्रमाणे वह्या वेगळ्या करा. आणि एखादा घोडा ऐनवेळी शर्यतीतून काढला तर नंबर सरकवा. एक नंबर गेला की दोन नंबरवालाच सगळ्यात आत. त्या दिवशी फॉल्स रेल (आतलं तात्पुरतं, सरकवता येणारं रेलिंग) कुठे होतं तेही लिहा, रेल हललं की सगळा हिशेब हलतो.

धागाकर्ता
आभारी आहे दादा. फॉल्स रेलचं डोक्यातच नव्हतं. आणि तो वळणाचा कॉलम आजच खोडला, दोन सीझनची मेहनत गेली, पण पटलं.

आता आधीच्या शर्यती बघायच्या तर जुनी रेसकार्डं (शर्यतींच्या छापील याद्या) लागणार. माझी एक पिशवीभर होती, बहिणीने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातली. गेल्या दोन सीझनची पुण्याची कार्डं कुणाकडे पडून असतील तर कळवा, सातारा स्टँडवर येऊन घेऊन जाईन.