मदत हवी आहे: आजीच्या अक्षराचा फॉन्ट

आमची आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरलो आम्ही नातवंडं. पाटीवर गिरवणं, पाढे, शिरोरेषा वाकडी गेली की हातावर चापटी आणि लगेच खोबऱ्याची वडी. गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

तिच्या पाककृतींच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. त्या टपोऱ्या अक्षराचा देवनागरी फॉन्ट वर्षश्राद्धाआधी करायचाय. तिचे ल आणि श अस्सल मराठी वळणाचे, हिंदीसारखे नाहीत, तेच जपायचेत. सुटी अक्षरं बहुतेक मिळाली (ङ पाककृतीत कुठून येणार!). पण द्ध, ह्य अशी जोडाक्षरं आणि रफार कसे बसवायचे? वहीत नसलेली जोडाक्षरं अर्ध्या अक्षरांवरून जुळवली तर तिची वाटतील का? शाई फिकी झालीय, स्कॅन किती डीपीआयला करू? कोणी केलंय असं?